आता सगळे पेनमधे

अधिकारी हे त्यांचं आडनाव होतं, हुद्दा नव्हता. हे लोकांना सांगायची पाळी माझ्यावर नोकरीत किती वेळा आली त्याला गणती नाही. नवा माणूस रोह्याच्या आमच्या तंत्रशाळेत यायचा, "अधिकारी कुठे बसतात?" म्हणून विचारायचा आणि प्राचार्यांच्या खोलीऐवजी थेट ह्यांच्या टेबलाशी जाऊन पोचायचा. हे गृहस्थ त्याला बसवून घेत, कागद मागत, कागदात दोन चुका काढत आणि मग सांगत, "हे काम माझ्याकडे नाही." होते ते निदेशक. कंपन्यांत लागणारे मीटर आणि गेज कसे वाचायचे, कसे दुरुस्त करायचे, ते पोरांना शिकवायचे. पण आडनावाने दिलेली खुर्ची त्यांनी जन्मभर सोडली नाही.

मी तिथे ऑफिसात होते. राहायला पेणला, नोकरी रोह्याला. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आता तो नाही म्हणून मी काही वेगळं सांगणार नाही.

उंच, वाळके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं. लाल पेन दुसऱ्याच्या कागदावर चालवायला. हिरवं स्वतःच्या सहीला. हिरवी शाई ऑफिसात कोणी वापरायची, ह्याचे रिवाज असतात, आणि निदेशकाचा त्यात कुठेच नंबर लागत नाही. पण त्यांना बोलणार कोण? आणि निळं पेन मागणाऱ्यांना द्यायला. देताना टोपण काढून स्वतःच्या मुठीत धरून उभे राहायचे. तुम्ही सही करेपर्यंत ते टोपण मुठीतच. प्राचार्यांनी एकदा मागितलं तर त्यांच्यासमोरही टोपण धरून तसेच उभे.

त्यांची दोन वाक्यं होती. एक, "आधी वाचा, मग विचारा." दुसरं, "क्रमाने, क्रमाने." जेवायच्या सुट्टीत कोणी डब्यातली भाजी आधी खाल्ली आणि आमटी मागाहून, तरी हे लांबून म्हणणार, "क्रमाने, क्रमाने." डोक्यात जायचा माणूस.

ऑफिसला पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची परवानगी फक्त ह्यांना, असं ह्यांनीच ठरवलं. एकदा ते भाच्याच्या मुंजीला म्हणून दोन दिवस रजेवर गेले. नेमकी त्याच दिवशी पोरांची परीक्षेची हॉलतिकिटं छापायची होती. कॉम्प्युटर चालू होईना. आम्ही बटणं दाबून दमलो, शेवटी टेबलाखाली वाकून बघितलं तर वायरच नाही! विजेची वायर काढून, गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून हा माणूस घरी घेऊन गेला होता. शिपायाला जवळच वरश्याला त्यांच्या घरी पिटाळलं. वहिनींनी वायर शोधून दिली आणि वर शिपायाजवळ मला निरोप दिला, "बाईंना म्हणावं, माझ्या मिक्सरचीपण अशीच नेतात." दुसऱ्या आठवड्यात हिरव्या शाईत मेमो आला, मला. विनापरवाना वायर मागवल्याबद्दल.

तर असे हे अधिकारी. आणि ह्यांचा तो फलक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेट आपल्याकडे येण्याआधी असले बुलेटिन बोर्ड असायचे. कोणीतरी एक हौशी माणूस आपल्या घरचा कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनीला जोडून ठेवायचा. बाकीच्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून तिथे फोन लावायचा, सूचना वाचायच्या, एकमेकांना चिठ्ठ्या ठेवायच्या. ह्यांनी वरश्यात तसला बोर्ड काढला, 'कुंडलिका फलक'. त्या काळात धाटावच्या कंपन्यांतले चारदोन इंजिनियर खरोखर यायचे त्यावर, मी नाकारत नाही. मग इंटरनेट आलं, मोबाइल आले, आजीबाईसुद्धा व्हॉट्सअॅपवर सुप्रभात करायला लागल्या. सगळे निघून गेले. अधिकारी कुठले जातात! त्यांनी टेलिफोनची लाइन काढून बोर्ड इंटरनेटला जोडला, एवढीच काय ती प्रगती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि लिपी फक्त रोमन. त्या जुन्या प्रोग्रॅमला आपलं मराठी अक्षर उमटवताच येत नसे. मराठी लिहायचं ते इंग्रजी अक्षरांत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला फोन करून सभासद करून घेतलं. करून घेतलं म्हणजे, हो म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही. मी एकोणिसावी. आल्या आल्या मी गणपतीच्या शुभेच्छा टाकल्या. पेणची बाई, गणपतीच्या शुभेच्छा देणार नाही तर काय! दहा मिनिटांत पुसल्या. खाली सूचना: 'शुभेच्छा सर्वसाधारण विभागात चालणार नाहीत. सण विभागात टाका. आधी वाचा, मग विचारा.'

मी त्याच दिवशी सोडणार होते. पण तेवढ्यात एक कॅप्टन परब म्हणून होते, जहाजावरचे, त्यांनी माझी बाजू घेतली. नाशिकच्या एका डॉक्टरांनी अधिकाऱ्यांची घेतली. दोघांची अशी जुंपली की मी चहा गार करून वाचत बसले. आणि मग वसुधाताई आल्या. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला वेगळी, खाजगी चिठ्ठी ठेवली: 'मनावर घेऊ नका. ह्या गृहस्थांचा स्वभावच तसा.'

बाई, बाई! इतकी वर्षं मनात साठलेलं ऐकायला मला माणूस मिळालं. वायरीची गोष्ट सांगितली. टोपणाची सांगितली. हिरव्या शाईचा मेमो शब्दन्‌शब्द लिहून काढला. हा माणूस कसा शिष्ट आहे, कसा चिक्कू मनाचा आहे, त्याच्या बायकोने कसे दिवस काढले असतील, सगळं. वसुधाताई प्रत्येक चिठ्ठीला एकच सुरुवात करायच्या, 'अगदी खरं बोललात.' आणि मग माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगायच्या. त्यांचं निरीक्षण फार बारीक होतं. मी नवऱ्याला म्हणायचे सुद्धा, साताऱ्यात बसून ह्या बाईला माणूस कळतो कसा!

आता बाळारामकाका. रोह्याच्या आत, डोंगराकडच्या गावातले. भात आणि मागाहून वाल, ही शेती. पण अर्धं आयुष्य कंपनीत बॉयलरवर गेलं. बॉयलरने कान नेले. ठार बहिरे. मशीन कानाला लावून बघितलं, नुसती शिट्टी वाजायची म्हणून काढून टाकलं. बहिऱ्या माणसाशी घरचे तरी किती बोलणार? जेवायला या, अंघोळीला जा, हातवारे करून तेवढंच. बायको गेलेली. सून चांगली होती, पण तिला तिची कामं. बॉयलरच्या परीक्षेच्या वर्गाला ते आमच्याकडे यायचे, तेव्हापासून अधिकाऱ्यांची ओळख. इंग्रजी अक्षरं त्यांना लॉगबुकामुळे यायची. ह्यांनी त्यांना फलकावर घेतलं.

फलकावर कोणाला कान लागत नाहीत. तिथे बाळारामकाका सगळ्यांच्या बरोबरीचे होते. कॅप्टनला विचारायचे, समुद्रात पाऊस पडला तर तो वाया गेला असं म्हणायचं का? डॉक्टरला गुडघ्याचं विचारायचे. वसुधाताईंना सुनेचं कौतुक सांगायचे. पण गावात रेंज नाही. झाडावर चढलं तरी नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी ते रोह्याला उतरायचे, चालत वरश्याला यायचे आणि अधिकाऱ्यांच्याच कॉम्प्युटरवर दोनदोन तास वाचत बसायचे. मोठ्याने वाचायचे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती लागतोय ते कळत नाही. सगळी आळी ऐकायची.

"मॅडम, मी बसतो तवा कोण उत्तर देत नाय," ते मला एकदा रोह्याच्या बाजारात भेटले तेव्हा ओरडून म्हणाले होते. "मी गेलो का मंग सगळी बोलतात!"

मी हसून मान हलवली. अक्कल चालवली नाही.

मग अधिकाऱ्यांनी काढलं ते टपालाचं खूळ. फलकाला एक जोड-प्रोग्रॅम लावायचा. तो काय करणार, तर प्रत्येक सभासदाच्या न वाचलेल्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांचं एक पुडकं बांधणार. ते पुडकं पेन ड्राइव्हवर घ्यायचं, घरी न्यायचं, आपल्या कॉम्प्युटरवर सावकाश वाचायचं, उत्तरं लिहायची. उत्तरांचं उलट पुडकं पुढच्या खेपेला आणून द्यायचं, की फलक ते सोडून ज्याची चिठ्ठी त्याच्या नावे ठेवणार. रेंज नको, काही नको. तंत्रशाळेच्या भंगारातला एक लॅपटॉप त्यांनी काकांना आधीच देऊन ठेवला होता. मला वाटलं, काकांची ब्याद घरातून हलवायचा हा डाव आहे. अजूनही तो हेतू नव्हताच, असं मी म्हणणार नाही.

प्रोग्रॅम चार दिवस बसेना म्हणून रविवारी मला बोलावलं. गेले. वहिनींसाठी गेले, असं म्हणा हवं तर.

पहिला घोळ नावाचा. त्या प्रोग्रॅमला फलकाचं नाव आठ अक्षरांत हवं, त्याहून एकही जास्त नको. आणि कुंडलिका इंग्रजीत लिहिलं की होतात नऊ. हा माणूस चार दिवस त्या नवव्या अक्षरासाठी प्रोग्रॅमशी भांडत होता!

"शेवटचं अक्षर गाळा की," मी म्हटलं.

"मग ते कुंडलिक होतं."

"होऊ दे."

"म्हात्रे बाई, ती नदी आहे. बाई आहे ती. तिचा तुम्ही बाप्या करताय."

शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, करा काय करायचं ते, जेवणं थांबलीत." तेव्हा कुठे नदीचा बाप्या झाला. काकांच्या नावाने मी एक उत्तर लिहून परत घालून बघितलं, तर फलक ते घेईचना. परकं टपाल म्हणून टाकून द्यायचा. जेवून दीड तास डोकं फोडल्यावर मला दिसलं: ह्यांनी नाव एका जागी कुंडलिक केलं होतं आणि दुसऱ्या जागी गुपचूप कुंडलिकाच ठेवलं होतं. पुडक्यावर एक नाव, दारावर दुसरं, घेणार कसं? जोड-प्रोग्रॅमबरोबर आलेल्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, दोन्हीकडे नाव तंतोतंत एकच हवं. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "आधी वाचा, मग विचारा." इतक्या वर्षांचं समाधान मिळालं मला त्या एका वाक्यात.

ते तोंड धुवायला म्हणून उठून गेले.

आता एकच काम राहिलं होतं. पुडकं मिळायची सोय प्रत्येक सभासदाच्या नावापुढे चालू करायची. मी यादी उघडली. एकोणीस नावं, आणि प्रत्येकाच्या पुढे शेवटचा प्रवेश कुठून केला त्याची नोंद. माझ्यापुढे आकड्यांचा लांबलचक पत्ता. कॅप्टन परब, जहाजावरचे: 'स्थानिक'. डॉक्टर, नाशिकचे: 'स्थानिक'. मी खाली गेले. स्थानिक, स्थानिक, स्थानिक. स्थानिक म्हणजे ह्याच खोलीतून, ह्याच खुर्चीवरून. खुद्द अधिकारी आणि बाळारामकाका ह्या खुर्चीवर बसत हे मला माहीत होतं. पण उरलेले सोळा?

वसुधाताई: 'स्थानिक'.

माझी कानशिलं तापली. ह्या माणसाला मी तीन वर्षं त्याच्याच चहाड्या सांगत होते, आणि हा मला 'अगदी खरं बोललात' म्हणत होता! आणि स्वतःच स्वतःबद्दल चार गोष्टी जास्त सांगत होता! मी वळले तर ते टॉवेलने तोंड पुसत दारात उभे. त्यांनी पडदा बघितला, मला बघितलं.

"क्रमाने, क्रमाने," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी पर्स उचलली आणि गाडीला दोन तास असताना स्टेशनावर जाऊन बसले. भामटा, बहुरूपी, आणखी काय काय म्हटलं मनात, लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी फलक उघडलाच नाही.

पंधराएक दिवसांनी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षावाला एक चिठ्ठी हातात धरून आमच्या घराचा नंबर बघतोय, आणि मागून बाळारामकाका उतरतायत. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, खांद्यावर हे एवढं गाठोडं.

"मॅडम!" आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "सगळी हितंच हायेत ना?"

"कोण सगळी?" मी हाताने विचारलं.

त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढला. पुडक्यातली सूचना त्यांनी जशीच्या तशी उतरवून आणली होती. पहिल्या पुडक्याबरोबर अधिकाऱ्यांनी सगळ्यांना ती धाडली होती, रोमन अक्षरांत: 'आता सगळे पेनमधे. रेंज नको, घाई नको. केव्हाही निवांत भेटा.'

मी कपाळाला हात लावला. पेण स्टेशनाची इंग्रजी पाटी बघा एकदा. त्या अक्षरांत पेण आणि पेन एकच. आणि काका पेन ड्राइव्हला पेन म्हणतच नव्हते, काडी म्हणायचे. त्यांनी सरळ अर्थ लावला होता. आता सगळे पेणमध्ये. कॅप्टन, डॉक्टर, वसुधाताई, सगळे. केव्हाही या, निवांत भेटा.

त्यांनी गाठोडं सोडलं. आत जुन्या लुगड्याच्या कापडाच्या पुरचुंड्या. सतरा. यंदाचे घरचे वाल. प्रत्येक पुरचुंडीला दोऱ्याने कागद बांधलेला आणि त्यावर सुनेकडून नाव लिहून घेतलेलं. माझी काढून माझ्या हातात दिली.

"ही तुमची. कप्तानाची जरा मोठी हाय, त्याला दर्यावर न्यायची. चला, ताईंना आधी भेटू. त्यांचं घर लांब हाय का?"

अहो, काय सांगणार होते मी? पाटी-पेन्सिल घेऊन लिहिणार होते, की काका, ही माणसं नाहीत? मी आत जाऊन दोन कप चहा केला, खरं तर वेळ काढला. त्यांनी चहा घेताना मला विचारलं, ताई गोऱ्या आहेत का सावळ्या. माझा असा संताप झाला त्या माणसाचा! म्हटलं, तू घातलास हा घोळ, तूच तोंड दे. मी काकांना लिहून दाखवलं, 'सगळे बाहेरगावी गेलेत. सरांकडे जाऊ.' आणि त्यांना घेऊन दुपारच्या गाडीसाठी स्टेशनावर गेले. मागे जिते की हमरापूर कुठल्याशा स्टेशनाशी गाडी रखडली होती, ती उशिरा आली. त्या पाऊण तासात काका पुरचुंड्या दोनदा मोजून गाठोडं परत बांधून बसले.

वरश्याला अधिकाऱ्यांनी दार उघडलं. मी नुसतं गाठोडं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ती सूचना उलगडून समोर धरली. त्यांनी वाचली. मग एकेक पुरचुंडी उचलून नाव वाचलं. सोळाच्या सोळा. मला वाटलं, आता तरी हा माणूस कबूल करील. चेहरा तसा झालाही होता. ओठ हलले.

आणि त्यांनी काय केलं असेल? रजिस्टर काढलं. रेघा मारल्या. अनुक्रमांक, सभासदाचे नाव, वस्तू, पोच. सोळा नावं क्रमाने लिहिली, खाली हिरव्या शाईत सही केली आणि काकांना कागदावर लिहून दिलं, 'सर्वांना पोचते करतो.' मला असा तिटकारा आला त्या क्षणी! बहिऱ्या म्हाताऱ्याने सतरा पुरचुंड्या बांधून आणल्यात आणि हा पोचपावती फाडतोय.

काका खूश झाले. निघताना त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

"अगो बाय! मॅडम, सरांना आणलाच नाय की." आणि हसून स्वतःच म्हणाले, "सर काय, सर मशीन चालवतात. ते थोडेच आपल्यात बोलतात!"

अधिकाऱ्यांनी ते ऐकलं. सगळ्या आळीने ऐकलं.

पुढच्या पुडक्यात सोळा जणांची आभाराची पत्रं होती म्हणे. मी बघितली नाहीत; मी फलकावर येत नाही म्हणून काकांनी मला पोस्टकार्ड टाकून कळवलं. कॅप्टनने जहाजावर आमटी करून खलाशांना वाढली. डॉक्टर म्हणाले, पचायला जड, पण दोनदा घेतले. वसुधाताईंनी बिरडं केलं, सोलताना नखं दुखली. त्याच सुमारास वहिनींचा फोन आला. "अहो बाई, महिनाभर घरात रोज बिरडं चाललंय. भिजवा, मोड आणा, सोला. एक दाणा कोणाला देऊ देत नाहीत. माझी बोटं बघा येऊन." म्हणजे सोललं वहिनींनी आणि नखं दुखली वसुधाताईंची. हे असं होतं त्या माणसाचं.

श्रावण सरता सरता त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वहिनींनी कळवलं तेव्हा मी 'अरेरे' म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू. तीन आठवड्यांनी वहिनींचा परत फोन. "तुम्ही या हो एकदा. ते बाळारामकाका दर बाजाराला काडी घेऊन येतात. ह्यांनी कोणाला खोलीत येऊ द्यायचं नाही म्हणून हात आपटलाय. काका दारातून काडी देतात, मी ती लावते, खिडकी येते ती दाबते, काढून परत देते. मला दुसरं येत नाही. काका वाचतात घरी नेऊन आणि पुढल्या वेळी येतात ते रडवेलं तोंड करून. काय आहे त्यात?"

काही नव्हतं त्यात. सोळा माणसं एका दिवसात गप्प झाली होती.

गेले. अधिकारी खिडकीशी खुर्चीत. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी शर्ट पांढरा आणि खिशाला तीन पेनं. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी काकांनी सकाळी दिलेली काडी लावली आणि उलट पुडकं सोडलं. सोळा जणांना सोळा चिठ्ठ्या होत्या. वसुधाताईंची उघडली. मोडक्या रोमन अक्षरांत लिहिलं होतं:

'ताई, कोण बोलत नाय. माजं काय चुकलं काय? मला खरं सांगा. वाल कडू व्हते का?'

मी मग मागे न बघता म्हटलं, "मी कोण म्हणून लिहू आता? सांगा ना. तुमचा एवढा गोतावळा!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी डाव्या हाताने टेबलाची कड धरून खुर्ची ओढत आणली होती. डावं बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या नावावर टेकलं. वसुधाताई.

मी लिहिलं, 'काका, वाल कडू नव्हते.' मग लिहिलं, 'अधिकारी सर आजारी आहेत, म्हणून टपाल थांबलं होतं.' त्यांनी मान हलवली. ठीक. मग का कोण जाणे, माझे हात थांबले नाहीत. मी पुढे लिहिलं, 'सरांबद्दल मी आजवर जे जे वाईट बोलले ते मागे घेते. माणूस तसा…'

त्यांचा डावा हात आला. खोडायची कळ त्यांनी अंगठ्याने दाबली आणि दाबून धरली. अक्षरं शेवटापासून एकेक मागे गेली. 'तसा' गेलं, 'माणूस' गेलं, 'मागे घेते' गेलं. मी त्यांचं मनगट धरलं, म्हटलं, "अहो, राहू द्या ना!" त्यांनी झिडकारलं. आख्खं वाक्य जाईपर्यंत अंगठा उचलला नाही. वसुधाताई असं कधी लिहिणार नाहीत, त्यांना माहीत होतं. त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं, टोपण दातांनी ओढून काढलं, आणि मला दिलं. काडीबरोबर काकांना द्यायच्या पोचपावतीवर तारीख घालायची होती. मी घातली. तेवढा वेळ ते टोपण दातांत धरून बसले होते. ते मी त्यांना शेवटचं बघितलं. पुढच्या खेपेला खुर्ची रिकामी होती.

त्या दिवशी मी पुडकं बांधलं, काडी काढली, आणि बाजार उरकून परत दारात येऊन उभ्या असलेल्या काकांच्या हातात दिली. त्यात वसुधाताईंची दोनच वाक्यं होती. सर आजारी आहेत. वाल कडू नव्हते.